अमेरिकेत धर्म आणि सरकार वेगळे आहेत, तर तिथल्या गावांच्या सरकारी सभा प्रार्थनेने कशा सुरू होतात? तिथल्या हिंदूंना याचं काय वाटतं?

सगळ्या हिंदूंच्या वतीने मी बोलू शकत नाही. माझं सांगते.

आम्ही ओहायोत एका लहान गावात राहतो. मला घरी पाळणाघर काढायचं होतं. त्याला झोनिंगची, म्हणजे कुठल्या जागेत काय करता येईल याची, परवानगी लागते आणि आमच्याकडे ती गावाचं कौन्सिल देतं. संध्याकाळी सातची सभा. मी पावणेसातलाच जाऊन बसले. मांडीवर फाइल, तिच्यात घराचा नकाशा, आग-तपासणीचा कागद, शेजारच्या चार घरांच्या सह्या. शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी. सात वाजले, हातोडी वाजली आणि एक पाद्री माइकपाशी आले. "सगळ्यांनी उभं राहून माना झुकवाव्यात." समोरचे सातही सदस्य उभे राहिले, सभागृह उभं राहिलं, मीही राहिले. दीडेक मिनिटाची प्रार्थना, शेवटी येशूचं नाव आणि एकसुरात "आमेन". मुलीने माझी बाही ओढली. "आई, आपण पण म्हणायचं?" मी तिच्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून "आमेन" पुटपुटले.

वीस मिनिटांनी त्याच सात जणांपुढे माझा अर्ज आला. सातच्या सात मतांनी मंजूर झाला. परतताना गाडीत मुलीने विचारलं, "तू आमेन म्हणालीस म्हणून दिलं का त्यांनी?" मी म्हटलं, नाही गं, कागद नीट होते म्हणून. "मग तू म्हणालीस कशाला?" घर येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

आता कायद्याचं. शाळेतली सरकारी प्रार्थना सुप्रीम कोर्टाने १९६२ सालीच बंद केली. न्यूयॉर्क राज्याने रचलेली ती प्रार्थना इंग्रजीत जेमतेम २२ शब्दांची होती, कुठल्या पंथाचं नाव नव्हतं, नको त्या मुलाला गप्प राहायची मुभा होती, तरीही. १९९२ साली शाळेच्या निरोप समारंभातली एका रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, प्रार्थनाही कोर्टाने नाकारली. सगळे उभे असताना एकट्या मुलाला बसून राहणं जमत नाही, हे न्यायमूर्ती केनेडींनी त्या निकालात मान्य केलं. आणि २०१४ साली त्याच केनेडींनी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस गावाच्या बोर्डाची प्रार्थना ५ विरुद्ध ४ मतांनी चालू ठेवली. का, तर ही अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसपासूनची, म्हणजे संसदेपासूनची, प्रथा आहे, आणि मोठी माणसं हवं तर बाहेर जाऊ शकतात. त्या गावात १९९९ ते २००७ या काळात प्रार्थना म्हणायला आलेले सगळे ख्रिश्चन होते. एका ज्यू आणि एका नास्तिक बाईने दावा लावला आणि त्या हरल्या. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मतात एक उदाहरण घेतलंय: घर वाढवायला झोनिंगची सूट मागायला बोर्डापुढे आलेली मुस्लिम बाई. ते वाचताना मला माझीच फाइल दिसली. अर्ज हातात असलेल्या माणसाला "बाहेर जा" म्हणणं ही मुभा नव्हे. केनेडींचं हे चुकलंच.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना हे पटत नाही. "हात जोडायला काय जातं? देव एकच. आणि आपल्यालाही बोलावतात की!" बोलावतात, हे खरं. मी कौन्सिलच्या क्लार्कला प्रार्थनेबद्दल पत्र लिहिलं तेव्हा उलट टपाली आमंत्रणच आलं, तुम्हीही येऊन म्हणा. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळातले सगळे खूश. मी गेले नाही. २००० साली ओहायोतल्याच पार्माच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात प्रार्थना म्हटली, त्याचं कौतुक आजही होतं. पण २००७ च्या जुलैत संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, राजन झेद हिंदू प्रार्थना म्हणायला उभे राहिले, तेव्हा गॅलरीतून तिघांनी आरडाओरडा केला आणि त्यांना अटक करावी लागली, हे वहिनी विसरतात. सरकारच्या दारात देवाला रांगेत उभं केलं की असंच होणार.

माझ्या वडिलांच्या सरकारी कचेरीत दर श्रावणात सत्यनारायण असायचा. आम्ही मुलं शिऱ्यासाठी जायचो. एक मुसलमान कारकून होते. पूजा सुरू झाली की ते चहाला म्हणून निघायचे ते जेवणाच्या सुट्टीनंतर परतायचे. वर्गणी मात्र त्यांचीही असायची, आमच्या बाबांनीच ती गोळा केलेली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. ते कुठे जात असतील हे मला ओहायोत त्या रात्री पहिल्यांदा सुचलं.

हेही सांगायला हवं की मी नास्तिक नाही, रोज तिन्हीसांजेला दिवा लावते. ते पाद्रीही भले आहेत, पुढे त्यांचीच नात माझ्या पाळणाघरात आली. शिवाय सगळ्या गावांत प्रार्थना असतेच असं नाही. शाळांचा नियमही आता तितका पक्का राहिलेला नाही, २०२२ साली कोर्टाने मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या फुटबॉल कोचच्या बाजूने निकाल दिलाय.

प्रार्थनेऐवजी मिनिटभर शांत उभं राहू या, असं मी कौन्सिलला लिहून दिलंय. ग्रीसमध्ये १९९९ च्या आधी तसंच होतं. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या परवान्याचं नूतनीकरण त्याच सभेत आहे. प्रार्थनेच्या वेळी मी बसून राहणार आहे, आणि मुलीला बरोबर नेणार आहे.