काउबॉय गाणी गाणारा खराखुरा काउबॉय : ख्रिस लेडू

काउबॉयची गाणी लिहिणारे गायक कधी खरोखर घोड्यावर बसलेले असतात का, की टोपी आणि बूट हा केवळ मंचावरचा वेश असतो, असे आपण विचारले आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो वेशच असतो. ख्रिस लेडू यांच्याविषयी मात्र तसे मुळीच म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच मला ते या परंपरेतले सर्वांत विश्वासार्ह गीतकार वाटतात.

त्यांचा जन्म १९४८ साली मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे झाला. वडील हवाई दलात असल्याने बिऱ्हाड सारखे हलत असे, आणि शालेय वयातच ते रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या घोडेस्वारी वगैरे कौशल्यांच्या स्पर्धांत उतरू लागले. त्यांचा प्रकार बेअरबॅकचा होता. त्यात खोगीर आणि लगाम दोन्ही नसतात; उसळ्या मारणाऱ्या घोड्यावर एका हाताने चामडी मूठ धरून, दुसरा हात घोड्याला वा स्वतःला लागू न देता, आठ सेकंद मांड टिकवावी लागते. १९७६ मध्ये ते या प्रकारात जगज्जेते झाले.

रोडिओत प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च स्पर्धक स्वतःच सोसतो, आणि क्रमांक आला नाही तर रिकाम्या हाताने परततो. त्या ओढाताणीतच लेडू यांनी गाणी लिहिली, आईवडिलांच्या मदतीने स्वतःच्या कंपनीतर्फे ध्वनिमुद्रित केली आणि कॅसेट रोडिओच्या मैदानांवर गाडीतून विकल्या. असे वीसहून अधिक अल्बम त्यांनी काढले. ज्यांची हाडे मोडलेली, ज्यांनी रात्र रात्र गाडी हाकलेली, तेच या कॅसेट विकत घेत असल्यामुळे तिथे एकही खोटा शब्द खपला नसता, असे मला वाटते.

१९८९ मध्ये अमेरिकी कंट्री गायक गार्थ ब्रुक्स यांनी आपल्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यात लेडू यांच्या झिजलेल्या कॅसेटचा उल्लेख केला आणि लेडू यांच्यासाठी मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे दार उघडले. १९९२ मधले दोघांचे युगुलगीत देशभर गाजले. तरीही लेडू वायोमिंगमधील केसी या छोट्या गावाजवळच्या आपल्या रँचवरच (गुरेघोडे पाळण्याच्या शेतावर) राहिले. २००० मध्ये त्यांच्यावर यकृत प्रत्यारोपण करावे लागले, तेव्हा ब्रुक्स आपल्या यकृताचा भाग देण्यास तयार होते, पण तो जुळला नाही. प्रत्यारोपणानंतरही लेडू गात राहिले. ९ मार्च २००५ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षी व्यावसायिक रोडिओच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या यादीत, त्यांचे नाव दोन विभागांत नोंदले गेले : एकदा घोडेस्वारीसाठी आणि एकदा गाण्यांसाठी.