ट्रायल चैत्रात झाली, दुकान मृगात चालतं

प्रश्न: दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. वर्षाची विक्री 62 लाखांच्या घरात, त्यातली बरीच उधारीवर. एप्रिलपासून बिलाचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरलं. पोरानं 214 कास्तकारांची उधारी त्यात चढवली, 38 बिलंही काढली. आता मुदत संपली. जुनं सगळं दिसतं, पण नवीन बिल निघत नाही. एका वर्षाचे 3,600, तीन वर्षांचे 8,400, ‘लाइफटाइम’ 15,000, वर जीएसटी. कंपनीचा माणूस रोज फोन करून आजच घ्या म्हणतो. पोरगा म्हणतो, दुसऱ्या ईमेलवरून पुन्हा फुकट चालू करू. काय करू?

उत्तर: भाऊ, पैशाचं नंतर बोलू. आज रात्री शटर ओढल्यावर आधी एक काम करा. उधारीची यादी, मालाचा साठा आणि ती 38 बिलं एक्सेल किंवा पीडीएफमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. ट्रायल फुकट होती, पण बिलं खरी आहेत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. कंपनीनं बंद खातं कधी पुसलं, हे तुम्हाला कोणी सांगायला येणार नाही.

मग फोनवरच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून पाहा. ट्रायल सुरू करताना एक-दोन रुपये कापून मंजुरी घेतली असेल, तर सॉफ्टवेअर काढून टाकल्यानं ती रद्द होत नाही. 15,000 पर्यंतची अशी रक्कम दर वेळी पिन न विचारता जाऊ शकते. 24 तास आधी मेसेज येतो, पण पेरणीच्या धांदलीत मेसेज कोण वाचतो?

पोराची युक्ती चालेल, पण महागात पडेल. नव्या खात्यात बिलं पुन्हा 1 नंबरपासून सुरू होतील, आणि एकाच आर्थिक वर्षात एकाच नंबरची दोन बिलं चालत नाहीत. नंबर हातानं 39 टाकला तरी ती 214 नावं कोण चढवणार? तेही दर महिन्याला!

आता किंमत. 3,600 वर 18 टक्के म्हणजे 648, एकूण 4,248. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर 648 चं क्रेडिट मिळेल, म्हणजे तेवढे तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतील. कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के भरायच्या योजनेत असाल तर नाही. आयकर अंदाजी नफ्यावर भरत असाल, तर हा खर्च दाखवून कर कमी होत नाही. ‘टॅक्समध्ये वाचतात’ असं तो फोनवाला म्हणाला तर हसून सोडून द्या.

हे पैसे वसूल कुठून होणार? बिलातून नाही. युरिया-डीएपी तुम्ही तसंही पॉस मशीनवर अंगठा घेऊनच विकता, ते काम दुप्पट होईल एवढंच. वसुली आहे उधारीत. मागे एका केंद्रात मार्गशीर्षात मी वही जुळवायला बसलो होतो. एकच माणूस तीन पानांवर होता: एका पानावर आडनावानं, दुसऱ्यावर ‘मास्तरचा मोठा’, तिसऱ्यावर ‘नाल्याकाठचा’. कापूस विकून तो आला, पहिल्या पानाचे पैसे देऊन गेला, मालक खूश! बाकीची दोन पानं आम्ही संध्याकाळी जुळवली. मोबाईल नंबरावर खातं असतं तर हे झालं नसतं. डीएपीचं पोतं 1,350 चं, अशी तीन पोती वहीत हरवली की 4,050 गेले.

म्हणून घ्या. पण एकच वर्ष. कागदावर तीन वर्षांचं स्वस्त आहे, हे मान्य. वर्षाला 2,800 च पडतात. पण तुम्ही ते पाहिलं कधी? एप्रिलात, दिवसाला दोन गिऱ्हाईकं असताना. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर काउंटरवर चाळीस माणसं उभी राहतील, लाइन गेलेली असेल, तेव्हा ते कसं चालतं हे ना तुम्हाला ठाऊक ना मला. आज तीन वर्षांच्या प्लॅनसाठी जीएसटीसकट जास्तीचे 5,664 गुंतवले, तर मेमध्ये चार पोती डीएपीचे पैसे कमी पडतील. आता घेतलेलं वर्ष खरीप विक्री आणि दिवाळीनंतरची वसुली, दोन्ही धरून पुढच्या मेपर्यंत जातं. तेवढ्यात कळेल.

लाइफटाइम नको. आयुष्य कंपनीचं धरायचं की तुमचं, हे त्या माणसाला विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून सूक्ष्म अन्नद्रव्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. असे दर बदलले की अपडेट देणारं कोणी पाहिजे. चोरून उतरवलेल्या फुकट कॉपीचंही हेच दुखणं.

पैसे भरण्याआधी एक मात्र पक्कं विचारा: 3,600 च्या प्लॅनमध्ये बियाण्याचा लॉट नंबर, औषधाचा बॅच नंबर आणि मुदत बिलावर छापून येते का? 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, तेव्हा लॉट नंबर असलेलं बिल हाच पुरावा होता. ‘त्याला वरचा प्लॅन लागेल’ असं उत्तर आलं, तर हा घेऊ नका, दुसरं सॉफ्टवेअर पाहा. एक्सेलची यादी तुमच्याकडे असेलच.

आणि यंदा लाल वही बंद करू नका. लाइन गेली की त्यातच लिहा, रात्री पोराला चढवायला सांगा.