संधिवात: पुडी, गोळी आणि वाया जाणारे महिने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून येणाऱ्या प्रश्नांत दोन आजारांची सरमिसळ सारखी दिसते, म्हणून आधी तेवढं सांगतो. उतारवयात गुडघा झिजतो तो आजार वेगळा. रुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि तो पंचविशीतल्या मुलीलाही होतो. खालची उत्तरं या दुसऱ्या आजाराबद्दल आहेत.

प्रश्न: वय ४२, खानापूर तालुका. गौरी-गणपतीपासून सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडतात, मनगटं सुजतात. भाकरी थापता येत नाही. तासाभरानं हात मोकळे होतात. संधिवातासाठीच्या रक्ततपासणीत ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला, म्हणून संधिवात नाही असं सांगितलं. आमच्याकडच्या पावसानं होत असेल का?

पावसानं दुखणं जास्त जाणवतं, पण सांधे सुजत नाहीत. दोन्ही हातांचे लहान सांधे, तासभर आखडणं, सहा आठवड्यांहून जास्त काळ सूज एवढं असताना एका निगेटिव्ह रिपोर्टवर फाईल बंद करता येत नाही. रुमॅटॉइडच्या बऱ्याच रुग्णांत आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो, आणि हा आजार नसलेल्या काही जणांत तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या आणखी रक्ततपासण्या कराव्या लागतील. सुरुवातीला ताप येऊन गेला होता का, तेही आठवा. चिकनगुनियानंतर असेच सांधे महिनोन्‌महिने धरतात. पण निदान रिपोर्ट करत नाही, हात दाबून पाहणारा डॉक्टर करतो. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, जिथं संधिवाततज्ज्ञ लवकर भेटेल तिथं या महिन्यातच जा. पहिल्या सहा महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. तुमचे त्यातले काही महिने गेलेच आहेत.

प्रश्न: टोमॅटो, दही, चिंच, वांगं बंद करू का?

गरज नाही. एखाद्या पदार्थानं तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तेवढा टाळा.

प्रश्न: वय ३८, निपाणी. विड्या वळते. दोन वर्षं औषध चालू आहे, सूज बरीच उतरली. पण दुपारपर्यंत अंगातलं सगळं बळ जातं. विड्या वळायच्या सुपापुढं बसवत नाही. घरचे म्हणतात, सूज नाही, मग आता आळस.

ताई, हा आळस नाही, आणि हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा. रुमॅटॉइड सांध्यांपुरता राहत नाही. दाह सगळ्या शरीरात असतो, आणि बाहेरची सूज उतरली तरी तो आत थोडा उरलेला असू शकतो. म्हणून पहिला प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारायचा तो हा: आजार खरंच आटोक्यात आहे का, की फक्त दुखणं कमी झालंय? दुसरं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. या आजारातला रक्तक्षय नुसत्या लोहाच्या गोळीनं नेहमी भरून येत नाही, त्यामुळे मनानं गोळ्या घेत राहू नका. तिसरं, रात्री दुखण्यानं झोप मोडते का आणि मन सारखं उदास असतं का, हे न लाजता सांगा. दोन्हींवर इलाज आहे.

घरी एवढं करा. जड काम सकाळी आखडलेपण गेल्यावर ठेवा, अर्ध्या तासानं सूप बाजूला ठेवून बोटं उघडा-मिटा, आणि रोज दहा मिनिटं चालायला सुरुवात करून हळूहळू वाढवा. पडून राहिल्यानं हा थकवा वाढतो. घरात कुणी विडी ओढत असेल तर बाहेर ओढायला सांगा, स्वतः मिश्री लावत असाल तर सोडा.

प्रश्न: चिक्कोडी तालुका. सुनेला संधिवात आहे. एका गावाहून औषधाची पुडी आणून दिली. तीन दिवसांत ती भांडी घासायला लागली. आठ महिने झाले, चेहराही भरलाय, तब्येत सुधारली. पण पुडी थांबवली की दोन दिवसांत अंथरूण धरते. चालू ठेवावी का?

काका, तब्येत सुधारलेली नाही. चेहरा सुजलाय.

तीन दिवसांत उठवणारी आणि थांबवली की पाडणारी पुडी असेल, तर तिच्यात स्टेरॉइड, म्हणजे सूज झटकन दाबणारं जोरकस औषध, मिसळल्याचा दाट संशय घ्यावा लागतो. पुडीवर नाव नाही, प्रमाण नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आम्ही डॉक्टरही कधी स्टेरॉइड देतो, पण कमी मात्रेत, ठरावीक दिवसांसाठी, चिठ्ठीवर लिहून, आणि मुख्य औषध लागू पडेपर्यंतच. बेहिशेबी स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलं की साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचतं. पस्तिशीत खुबा बदलायची वेळ आलेल्या बायका पाहिल्या की जीव तुटतो, कारण हे टळण्यासारखं असतं.

आणि तरीही पुडी आज एकदम बंद करू नका. शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. अचानक तोडलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन सुनेसह डॉक्टरांकडे जा. साखर, रक्तदाब तपासून ते मात्रा पायरीपायरीनं उतरवतील आणि खरं औषध सुरू करतील. पुडीबद्दल लपवू नका, रागावतील म्हणून तर अजिबात नाही.

‘तीन महिन्यांचा कोर्स, आगाऊ पैसे, साइड इफेक्ट शून्य, संधिवात मुळासकट’ असा मेसेज मोबाईलवर फिरवणाऱ्यांनाही सांगतो. संधिवात बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानंच मनाई आहे. रोग आटोक्यात ठेवता येतो, मुळासकट उपटणारं औषध आज कुणाकडेच नाही. जो तसं म्हणतो त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न: मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी आहे म्हणे. घेऊ का? आठवड्यातून एकदाच का?

घ्या. कॅन्सरमध्ये मात्रा फार मोठी असते, संधिवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. पण आठवड्यातून एकाच दिवशी. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलतं, मृत्यूही होतो. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार कन्नडमध्ये सांगतो, सासू मराठीत ऐकते, यात गोंधळ होतोच. म्हणून पाकिटावर वार मराठीत लिहून घ्या. गावच्या बाजाराचा दिवस ठरवला तर विसरत नाही. फॉलिक अ‍ॅसिड सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. रक्त आणि लिव्हरची तपासणी चुकवायची नाही, दारू नाही. ताप, तोंडात फोड, दम लागणं यांपैकी काही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका.

प्रश्न: सुजलेल्या मनगटाला तेल लावून चोळावं का?

सांधा गरम आणि सुजलेला असताना जोरात चोळू नका.

प्रश्न: मुलगी २४ वर्षांची, तिला हाच आजार. लग्न ठरतंय. मुलाकडच्यांना सांगावं का? मूल होईल का?

सांगा. लपवलेली गोळी लग्नानंतर चोरून घ्यावी लागते किंवा बंद पडते, आणि दोन्हींत सांधे मुलीचेच जातात. मूल होऊ शकतं, मात्र ठरवून. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही संधिवाताची दोन औषधं गर्भाला घातक आहेत. ही औषधं चालू असताना गर्भनिरोधन पक्कं हवं, आणि मूल हवं असेल तेव्हा निदान सहा महिने आधी संधिवाततज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटून औषध बदलून घ्यायचं. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. दिवस गेल्याचं अचानक कळलं तर मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइडची पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बाकीची औषधं त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत.