शेजारच्या झाडाने मोगरा कोमेजतोय? कोयत्याआधी हे वाचा

ताई, कुंपणापलीकडच्या सुबाभळीवर राग धरण्याआधी वाफा खुरप्याने वीतभर उकरून बघा. माझ्या मोगऱ्याच्या मुळांशी शेजारच्या झाडाची तंतुमुळं जाळीसारखी विणलेली निघाली होती. पाणी मी घालत होते, पीत होतं ते झाड. असं दिसलं तर तारखेसह फोटो काढून ठेवा. पुढे तोच पुरावा.

नुसत्या सावलीची तक्रार असेल, तर कायद्याचा आधार फार कमी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जागेबाबत आपल्याला मिळणाऱ्या हक्कांचा कायदा) वीस वर्षांच्या वापराने मिळणारा उजेडाचा हक्क इमारतीला आहे, मोकळ्या जमिनीला नाही. म्हणजे खिडकीला मिळेल, वाफ्याला नाही. फांद्या-मुळं तुमच्या हद्दीत घुसली असतील तर मात्र तो उपद्रव ठरतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते.

शहरात असाल तर स्वतः कोयता चालवू नका, हे कळकळीने सांगते. 1975 च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यात मोजतात. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे छाटणीचा अर्ज द्या. झाडाच्या बुंध्याशी ॲसिड किंवा मीठ ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकूच नका; झाड जाईल, तुमची मातीही जाईल.

झाड पडून माणसांना इजा होण्यासारखं असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे (बहुधा तहसीलदार) जाता येतं.

पण आधी शेजाऱ्यांना घरी बोलावून तो वाफा दाखवा. नाहीच ऐकलं, तर लेखी पत्र देऊन पोच घ्या.