सूर्याविना हिवाळा

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे गेली आहे. आम्हांला थंडी ठाऊक ती पन्हाळ्यावरच्या पहाटेची. तेथे सूर्यच उगवत नाही, हे खरे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरे आहे. हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेस असल्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. मात्र दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, त्यामुळे अखंड काळोखाची धास्ती बाळगू नये. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तेथील बंदर गोठत नाही आणि घरेही उबदार असतात. आम्हांला अधिक काळजी वाटते ती निसरड्या रस्त्यांची. बुटांखाली खिळ्यांचे पट्टे अवश्य लावावेत. अंगालगत लोकरीचे कपडे घालावेत, सुती नव्हेत, कारण घामाने भिजलेले सूत अंग गार करते. ड जीवनसत्त्वासाठी तेथील लोक कॉड माशाच्या यकृताचे तेल घेतात; मुलीने याबाबत डॉक्टरांना विचारावे.