दुर्बिणीतून केलेलं मणक्याचं ऑपरेशन पुढं दहा वर्षं टिकतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ ४१ वर्षांचा, ऊसतोडीला जाणारा. कमरेच्या एल४-एल५ या दोन मणक्यांमधली चकती सरकून नस दबलीय, तीन आठवडे पायात कळा आहेत. डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन सांगतात आणि गाव म्हणतं, मणक्याला हात लावला की माणूस खाटेला खिळतो.

माझं परभणीच्या मोंढ्यात खताचं दुकान आहे. याच चकतीचं असंच ऑपरेशन २०१६ साली माझं झालं. खाटेला खिळलो नाही. पेरणीच्या दिवसांत आजही दिवसभर काउंटरला उभा असतो.

पण हे ऑपरेशन पायासाठी असतं, हे आधी भावाच्या मनात पक्कं करा. चकतीतला गर बाहेर येऊन नसेवर बसलेला असतो, तेवढा तुकडा काढतात. नस मोकळी झाली की पायातली कळ थांबते. माझी त्याच संध्याकाळी थांबली. झिजलेली चकती मात्र नवी होत नाही, माझी कंबर अजून अधूनमधून धरते. कंबरदुखी जाईल या आशेवर ऑपरेशन करून घेतलेली माणसं पुढं फार निराश झालेली पाहिलीत मी.

छेद लहान, रक्त कमी, घरी लवकर, हे सगळं खरं आहे. पण वर्षं गेली की हा फरक पुसला जातो. नेदरलँडमध्ये ३२८ रुग्णांवर बारीक नळीतून (हीही लहान छेदाचीच पद्धत) आणि नेहमीच्या पद्धतीनं केलेली ऑपरेशनं ताडून पाहिली, पाच वर्षांनी दोन्हीकडचे निकाल सारखेच निघाले. म्हणून मशीनपेक्षा डॉक्टरचा हात बघा, रोज मणक्याचीच कामं करणारा.

आणि तीनच आठवडे झालेत. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत गोळ्या आणि हलक्या हालचालीवर उतरते, बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू जिरवतं. नेदरलँडचाच २००७चा एक अभ्यास आहे, २८३ जणांचा. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढं ऑपरेशन करावंच लागलं, पण वर्षाअखेर दोन्हीकडं ९५ टक्के लोक बरे होते. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, एवढाच फरक.

मग मी का थांबलो नाही? डावी चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि मला पत्ताच नसायचा, पोरगा उचलून आणायचा. डॉक्टरांनी पायाचे दोन्ही अंगठे बोटानं दाबून धरले, म्हणाले वर उचला. उजवा उचलला. डावा नुसता थरथरला. एवढ्यावर ठरलं.

भावाचं आजच घरी बघा. अंगठा दाबून उचलायला सांगा, टाचांवर चार पावलं चालवा. ताकद कमी वाटली तर लगेच डॉक्टरला दाखवा. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच रात्री गाडी करा, सकाळची वाट बघू नका.

आता टिकण्याचं. शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांची तीच चकती पुन्हा सरकते. बिडी-सिगारेटनं धोका वाढतो. आमच्या शेजारच्या आडतीवरचा एक हमाल ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात पोती उचलायला लागला, दीड वर्षात पुन्हा टेबलावर. त्याला दोष देववत नाही मला, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

भावाच्या बाबतीत मला हीच काळजी वाटते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं काम आहे त्याचं. मुकादमाकडून या हंगामाची उचल घेतली नसेल तर घेऊ नका. घेतली असेल तर ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी मुकादमाशी बोला, उचल पुढच्या हंगामावर ढकलता येते का बघा. उचल डोक्यावर असली की माणूस दुखणं दाबून फडात जातो. हा एक हंगाम सुटला तर सुटू द्या. पुढंही भरणीचं काम दुसऱ्यानं करावं, असं टोळीत आधीच ठरवून घ्या.

अंगठ्याचं काय दिसलं ते इथंच कळवा, मी उद्या बघतो.