जळगावचं रेशनकार्ड इंदूरला चालेल का?

हो, चालेल. तुम्ही लिहिलंय की यजमानांच्या कामासाठी इंदूरला आलात, कार्ड जळगावचं आहे आणि सासूबाई गावीच आहेत. नवं कार्ड काढायला धावू नका, जुनं तर मुळीच रद्द करू नका. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे घराजवळच्या कुठल्याही कंट्रोलवर (इथे रेशन दुकानाला सगळे कंट्रोलच म्हणतात) कार्ड नंबर किंवा आधार सांगून अंगठा लावायचा. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो धान्य, तेही फुकट. तुमच्या वाट्याचं इथे उचला, सासूबाई उरलेलं तिकडे घेतील. फक्त राज्य सरकार वरून जे देतं ते परराज्यात मिळत नाही.

आधी एक बघा: घरातल्या प्रत्येकाचं, मुलांचंसुद्धा, आधार रेशनकार्डाला जोडलेलं आहे ना आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय ना. खरी अडचण तिथेच येते.

माझ्या आईची बोटं भांडी घासून घासून गुळगुळीत झाली होती. मशीन चार वेळा नाही म्हणालं आणि दुकानदाराने रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवलं. फार वाईट वाटलं होतं. असं झालं तर डोळ्यांच्या स्कॅनने किंवा ओटीपीने होतं का, हे ठामपणे विचारा. धान्य घेतल्यावर मशीनची पावती मागा आणि तिच्यावरचे किलो तिथेच ताडून बघा. 'बाहेरचं कार्ड चालत नाही' म्हणाले तर १४४४५ या हेल्पलाइनवर फोन करा.